मापमावशींचं अंगण आणि निळे ठिपके

गल्लीतलं पाणी नेमकं कुठे जातं, असा प्रश्न नकाशेबाईंनी विचारला आणि तिथेच सगळं बिघडलं. तोपर्यंत पाणी आपल्या वाटेने गुपचूप जात होतं, गल्ली आपल्या जागी गुपचूप बसून होती, आणि कोण कुणापेक्षा किती इंच खाली आहे याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

नकाशेबाई नगरपालिकेच्या नगररचना कार्यालयात आरेखक होत्या. म्हणजे साहेबांनी ठरवलेले रस्ते, साहेबांनी ठरवलेल्या बागा आणि साहेबांनी ठरवून नंतर विसरलेले पूल सुबक रेषांत काढून द्यायचे. एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यातलं शहर काढलं. त्यातला एक साधा बाकसुद्धा त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून आलेला नव्हता. गल्लीला याची काही कल्पना नव्हती. गल्लीच्या दृष्टीने शहरात जे काही वाकडं होतं ते नकाशेबाईंनीच काढलेलं होतं, आणि भाजी घ्यायला गेल्या तरी त्यांना त्याचा जाब द्यावा लागे.

अशात ऑफिसात तो नवा प्रोग्राम आला. त्यात जमिनीचे चढउतार भरायचे आणि बटण दाबायचं, की पडद्यावर पाऊस पडतो. निळे ठिपके वरून टपटप पडतात, घरंगळतात, अडतात, वळसा घालतात, एकमेकांना येऊन मिळतात आणि शेवटी दमून एका जागी बसतात. ते जिथे बसतील तिथे एक खोलगट बाग करायची. हातभर खोल, खाली खडी-वाळू, वर झाडं. पाणी तिथे जमणार, सावकाश मुरणार, गल्ली कोरडी राहणार. निसर्ग काय करणार आहे ते आधी पडद्यावर बघून घ्यायचं आणि त्याच्या वाटेत न येता शहर आखायचं. नकाशेबाई पहिल्याच दिवशी या प्रोग्रामच्या प्रेमात पडल्या. दुपारी डबा उघडायचा विसरल्या, यावरून प्रेमाची खोली लक्षात यावी.

"एखादी गल्ली घ्या आणि करून दाखवा," साहेब म्हणाले. "काम तुमचं, नकाशा तुमचा, खाली नावही तुमचंच. बघू काय होतंय."

नाव! नकाशेबाईंच्या कानात दिवसभर तेवढाच शब्द वाजत राहिला. आणि त्या भरात त्यांनी स्वतःचीच गल्ली निवडली. हे असं कधी करू नये. परक्या गल्लीत माणूस तज्ज्ञ असतो. स्वतःच्या गल्लीत तो फक्त कुणाची तरी सून असतो.

चढउतार मोजायचं यंत्र ऑफिसात होतं. म्हणजे कपाटात होतं. कपाटाची किल्ली भांडारपालाकडे, भांडारपाल रजेवर, आणि तो किती दिवस रजेवर आहे हे सांगणारा अर्ज त्याच कपाटात. नकाशेबाई चार दिवस त्या कपाटाकडे बघून आल्या. पाचव्या दिवशी घरी मिस्टर म्हणाले, "अगं, गवंडी नळीने मोजतात ना? आपणही तसंच मोजू."

मिस्टर म्हणजे नकाशेबाईंचे यजमान. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसत. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण गल्लीने ते कधी वापरलं नाही. सगळे त्यांना 'नकाशेबाईंचे मिस्टर' म्हणत आणि घाईत असले की नुसतंच 'मिस्टर'. स्वभावाने इतके मऊ, की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर "तुम्हाला लागलं नाही ना?" असं विचारत. हा स्वभाव पार्सलच्या खिडकीवर शोभून दिसे. मोजमापाच्या कामी काय होतं, ते पुढे येईलच.

गवंड्याची नळी ही जगातली सर्वांत साधी गोष्ट आहे. लांबलचक पारदर्शक नळीत पाणी भरायचं. एक टोक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर केलेल्या लाल खुणेला धरायचं, दुसरं ज्याच्या त्याच्या दारात न्यायचं. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच. मग दारात जमिनीपासून त्या पातळीपर्यंत पट्टी लावायची. आकडा जितका मोठा, तितकं दार खाली.

रविवारी सकाळी नकाशेबाई खांबाशी उभ्या राहिल्या. खुणेवरची नजर काढायची सोय नव्हती, त्यामुळे मिस्टर दारोदार काय करताहेत ते त्यांना दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. पहिलंच दार निवृत्त हेडमास्तरांचं.

"या मापांचं पुढे काय करणार?" हेडमास्तरांनी विचारलं.

"ज्याचं दार सगळ्यांत खाली, त्याच्या दारात खड्डा," मिस्टर प्रामाणिकपणे म्हणाले. बाग म्हणायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.

ही बातमी नळीपेक्षा वेगाने पुढे गेली. तिसऱ्या दारापाशी नळी पोहोचली तेव्हा बातमी शेवटच्या घरात चहा पिऊन परतही आली होती. त्यानंतर प्रत्येक दारात मिस्टरांना फार वेळ लागू लागला. कुजबुज व्हायची, काहीतरी सरकवल्याचा आवाज यायचा, "अहो, एक बिस्कीट तरी घ्या" असं ऐकू यायचं, आणि मग मिस्टरांची हाक: "दहा इंच!" "नऊ!" "साडेआठ!" किती सहकार्य करताहेत लोक, असं वाटून नकाशेबाईंचे डोळे भरून आले. नजर खुणेवर असल्यामुळे पुसताही येईनात.

अपवाद मापमावशींचा. त्यांच्या दारात ना कुजबुज ना चहा. मापमावशी नकाशेबाईंच्या समोरच्याच घरात एकट्या राहत. पत्र्याच्या आडोशाखाली, छोट्या अंगणात त्यांचं शिलाई मशीन. डोळे अधू झाले होते, पण अंगणातल्या उजेडात अजून सुईत दोरा एका खेपेत जाई. गल्लीतल्या प्रत्येकाचं माप त्यांच्या वहीत होतं आणि कुणी पोट आत ओढून माप दिलं तर त्या टेप गळ्यात टाकून थांबत. "सोडा श्वास," म्हणत. "मला घाई नाही."

त्यांनी मिस्टरांच्या हातातून पट्टी घेतली, गुडघ्यावर बसून पाहिलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सोळा."

"साडेपंधरा लिहू का, मावशी?" मिस्टरांनी हळूच विचारलं.

"सोळा असताना साडेपंधरा कशाला लिहाल?"

सगळ्यांत शेवटी नकाशेबाईंचं स्वतःचं दार. तिथे सासूबाई उभ्या होत्या. तिथली कुजबुज सगळ्यांत लांबली. शेवटी मिस्टरांचा आवाज आला, पार्सल हरवल्याचं कबूल करतात तसा: "तेरा."

संध्याकाळी नकाशेबाईंच्या बाहेरच्या खोलीत अर्धी गल्ली लॅपटॉपसमोर बसली. नकाशेबाईंनी आकडे भरले, बटण दाबलं, आणि पडद्यावर पाऊस सुरू झाला.

"हे पाणी स्वच्छ आहे का?" दंतवैद्यांच्या बायकोने विचारलं.

"निळं आहे म्हणजे स्वच्छच की," हेडमास्तर म्हणाले.

"आमच्यावर जरा जास्तच पडतंय," चेअरमन म्हणाले. ते गल्लीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्यावर कुणी परस्पर काही पाडलेलं त्यांना खपत नसे. "कमी करा थोडं."

"पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, चेअरमनसाहेब."

"तुमच्या कॉम्प्युटरला तसं वाटतं."

ठिपके घरंगळू लागले तसे सगळे मॅच बघितल्यासारखे पुढे सरकले. चेअरमनच्या दारापाशी ते घुटमळले. चेअरमननी श्वास रोखला. ठिपके पुढे गेले. हेडमास्तरांनी टाळी वाजवली आणि मग वय आठवून हात खाली घेतले. ठिपके नकाशेबाईंच्या दारावरून वळले, गल्ली ओलांडली आणि मापमावशींच्या अंगणात जाऊन बसले. सगळे. शेवटचा एक उशिरा आला, तोही तिथेच.

"अरेरे," खोलीतल्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. इतका आनंदी अरेरे नकाशेबाईंनी कधी ऐकला नव्हता.

मापमावशी दाराशी उभ्या होत्या. "खड्डा केवढा येणार?" त्यांनी विचारलं.

"नऊ बाय सहा फूट. खड्डा नाही हो मावशी, बाग. रस्त्याकडेची जागा नगरपालिकेचीच आहे, त्यामुळे..." नकाशेबाईंचं वाक्य पुढे सरकेना. नऊ बाय सहा म्हणजे अख्खं अंगण, हे त्यांना पडद्यावर बघताना कळलं नव्हतं. मावशींकडे बघताना कळलं.

"बरं. मग मशीन आत घेते," मावशी म्हणाल्या. "बाई, एक विचारू? इतक्या वर्षांत माझ्या दारात पाणी कधी साचलं नाही. मग तुमच्या कॉम्प्युटरात कसं साचलं?"

आता इथे कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. पण नकाशेबाईंच्या मागे अर्धी गल्ली बसलेली, पुढ्यात आयुष्यातला पहिला स्वतःचा नकाशा. त्यांनी जमिनीचा उतार, मातीची मुरण्याची क्षमता, पावसाचा बदलता जोर असं बरंच काही समजावून सांगितलं. सांगताना ते त्यांना स्वतःलाही पटत गेलं. मावशींनी ऐकून घेतलं, एकदा सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. सासूबाईंना मापमावशींकडून शिवून घ्यायचं वेड लागलं. आधी सहा उशांचे अभ्रे, मग पडदे, मग चार परकर, मग बादलीला झाकण घालायचं कापड.

"आई, बादलीला झाकण?"

"धूळ बसते," सासूबाई म्हणाल्या. "शिवू दे बिचारीला उजेड आहे तोवर."

त्या 'बिचारी' शब्दावर नकाशेबाईंनी विचार करायला हवा होता. पण साहेबांनी नकाशा मंजूर केला होता आणि वर एक फर्मान काढलं होतं: खोदकामाआधी प्रात्यक्षिक हवं. खरं पाणी, खरी गल्ली. पाण्याचा टँकर सोडायचा आणि ते ठरल्या जागी जातं हे सगळ्यांना दाखवायचं.

टँकरसाठी अर्ज. अर्जावर कारणांचे तीन रकाने: आग, टंचाई, इतर. नकाशेबाईंनी 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे काय?" खिडकीतला कारकून म्हणाला.

"पाणी कुठे जातं ते बघायचंय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बाई, लोक पाणी कधी येतं ते विचारतात. कुठे जातं ते विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"मग टंचाई लिहा."

"टंचाई असती तर तुम्ही ते रस्त्यावर ओतलं असतंत का?"

युक्तिवाद बिनतोड होता. शेवटी 'आग' या रकान्यात 'लागलेली नाही' असं कंसात लिहून टँकर मंजूर झाला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी गल्ली नटूनथटून बसली. चेअरमननी कारण नसताना भाषण तयार केलं होतं. मापमावशींनी मशीन आदल्या दिवशीच आत नेलं होतं. अंगणात त्याच्या चार पायांचे चार ठसे तेवढे उरले होते. त्या आत बल्बखाली बसून सुईत दोरा ओवत होत्या. नकाशेबाईंनी सहज पाहिलं. एकदा गेला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मावशींनी डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी ओवायचा प्रयत्न केला. नकाशेबाई घाईघाईने दुसरीकडे बघू लागल्या.

साहेब आले. त्यांच्यासाठी खुर्ची कुठे ठेवायची? कोरड्या जागी. कोरडी जागा म्हणजे, नकाशाप्रमाणे, नकाशेबाईंचं स्वतःचं दार. साहेब तिथे बसले, बूट चकचकीत, पाय पसरलेले.

टँकरवाल्याने वरून ओरडून विचारलं, "बाई, सोडू?"

"सोडा!"

पाणी निघालं. आधी चेअरमनच्या दारापाशी ते थांबलं आणि आत शिरावं की काय असा विचार करू लागलं. "ए, पुढे! पुढे!" चेअरमन पाण्याला म्हणाले, आणि ते खरोखरच पुढे गेलं. हेडमास्तर उगाचच त्याच्याबरोबर चालत होते. पाणी मापमावशींच्या अंगणाशी आलं. आता वळणार, असं म्हणून नकाशेबाईंनी साहेबांकडे अभिमानाने पाहिलं.

पाण्याने मापमावशींचं अंगण ओळखही न दाखवता मागे टाकलं, गल्ली ओलांडली, साहेबांच्या बुटांवर चढलं आणि नकाशेबाईंच्या उंबऱ्यावरून सरळ बाहेरच्या खोलीत गेलं. जुनं घर असल्यासारखं.

"आलं गं बाई!" आतून सासूबाई ओरडल्या.

मग जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. चपला तरंगल्या एवढं सांगितलं तरी पुरे. टँकरवाल्याला थांबवायला कुणी जाईना, कारण सगळ्यांना आधी बघायचं होतं. मिस्टर पाण्याची माफी मागत असल्यासारखे दारात आडवे उभे राहिले. आणि समोरून हातातलं कापड टाकून मापमावशी धावत आल्या, पदर खोचला, मोरीतली डगडगती तिसरी फरशी ओलांडून कोपऱ्यातली बादली उचलली, दारामागच्या खुंटीवरून फडकं ओढलं आणि सासूबाईंशेजारी बसून पाणी टिपायला लागल्या. दोघींचे हात एका तालात चालत होते. एक टिपे, दुसरी पिळे.

नकाशेबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून बघत राहिल्या. "मावशी," त्यांनी विचारलं, "बादली कुठे असते ते तुम्हाला कसं माहीत?"

दोघींचेही हात थांबले.

"दर पावसाळ्यात येतं," सासूबाई फडक्याकडे बघत म्हणाल्या. "तू ऑफिसात, हा पोस्टात. तुम्ही यायच्या आत आम्ही दोघी पुसून घेतो."

"दर पावसाळ्यात? आई, मला एकदा तरी सांगायचं!"

"काय सांगू? पाण्याचे नकाशे काढणारीच्या घरात पाणी शिरतं म्हणून सांगू? लोक हसले असते तुला. साहेबापर्यंत गेलं असतं." सासूबाईंनी फडकं इतक्या जोरात पिळलं की त्यात काही उरलं नाही. "म्हणून तर त्या दिवशी डबा ठेवला."

"कसला डबा?"

मिस्टरांनी डोळे मिटले. "पट्टीखाली," ते म्हणाले. "पालथा. सहा इंची. मी आईला म्हटलं होतं, नको म्हणून. पण तू खांबाशी किती आनंदात उभी होतीस, आणि आई अशी बघत होती... मी पोस्टात कुणाचं वजन कधी कमी लिहिलेलं नाही गं. पण इथे..."

"म्हणजे आपलं दार तेरा नाही, एकोणीस?"

"आमच्याकडे डबा वगैरे काही नव्हता हं," दारातून दंतवैद्यांची बायको लगबगीने म्हणाली. "नुसतं पायपुसणं."

"किती जाड?"

"चार पदरी घडी."

"माझ्याकडे फक्त शब्दकोश," हेडमास्तर म्हणाले. "मोठा."

सगळ्यांनी चेअरमनकडे पाहिलं. "ती संगमरवरी लादी मी तिथे बसवणारच आहे," चेअरमन म्हणाले. "बसली असंच समजून ठेवली होती."

गल्ली अशी एकेक इंच खाली आली. नकाशेबाईंच्या नळीने गल्लीत एकच खरं माप घेतलं होतं, आणि ते ज्यांनी दिलं त्यांचंच अंगण जाणार होतं. बरं, मावशींना सगळं माहीत होतं. दर पावसाळ्यात इथे बसून पाणी टिपणाऱ्या बाईला पाणी कुठे साचतं हे सांगायला कॉम्प्युटर कशाला लागतो? तरी त्या सासूबाईंकडे एकदा बघून गप्प निघून गेल्या होत्या, आणि मशीन आत नेलं होतं.

साहेब एव्हाना आतल्या पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी मोजे पिळले आणि नकाशेबाईंना जवळ बोलावलं.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "नकाशा मंजूर आहे. आता जागा बदलायची तर पहिल्यापासून फाइल, नवीन मापं, वर खुलासा. मापं चुकली हे लेखी आलं की तुमच्याकडून काम जाईलही. त्यापेक्षा खड्डा आहे तिथेच घेऊ. गल्लीला फरशी बसवायचीच आहे, तिचा उतार त्या शिवणवाल्या बाईंकडे देऊ. पाणी नकाशाप्रमाणे जाईल. तुमचं नाव जिथल्या तिथे."

यात खोट काढायला जागा नव्हती, हीच मोठी पंचाईत होती. असं खरंच करता आलं असतं. शहरं बरीचशी अशीच झालेली आहेत. आधी नकाशा, मग पाण्याची समजूत. बाईंना ते ठाऊक होतं, कारण त्यातल्या पुष्कळशा रेषा त्यांनीच काढल्या होत्या.

त्यांनी मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर चपला गोळा करत होते. सासूबाईंकडे पाहिलं. त्या बघायला तयार नव्हत्या. मावशी बादली घेऊन उठल्या, ती बाहेर रिकामी केली, आणि येताना उजेडात क्षणभर थांबून डोळ्यांवर हात धरून आपल्याच रिकाम्या अंगणाकडे बघत राहिल्या.

"साहेब," नकाशेबाई म्हणाल्या, "खुलासा कुणाच्या नावे लिहू?"

"विचार करा."

"केला. माझ्या घरात उभं राहून केला, घोटाभर पाण्यात. मापं चुकीची आहेत. खड्डा माझ्या दारात येईल."

"बाग," मिस्टर म्हणाले. अगदी हळू, पण म्हणाले.

खुलासा गेला. त्याला उत्तर म्हणून आणखी एक खुलासा मागवण्यात आला. पहिल्या खुलाशात खुलासा पुरेसा नव्हता. ऑफिसात नकाशेबाईंकडे बघून लोक बोलणं थांबवू लागले. कुणीतरी त्यांच्या टेबलावर कागदाची होडी करून ठेवली. त्यांनी ती रागाने उलगडली, तर तो त्यांच्याच पहिल्या नकाशाचा प्रिंट निघाला. घरी आल्यावर होडीची हकीकत सांगून त्यांनी तो कागद सासूबाईंपुढे टाकला. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला, काढून घेतला, पुन्हा गरम करून ठेवला. मग म्हणाल्या, "त्या होडीवाल्याचं नाव सांग मला." तेव्हा कुठे बाईंना हसू आलं.

अखेर महिन्याभराने साहेबांचा शेरा आला: नवीन मापं घ्यावीत, मात्र मापांची खात्री त्रयस्थ व्यक्तीने करून सही करावी. नकाशेबाई कागद घेऊन गल्ली ओलांडून गेल्या. मशीन अंगणात परत आलं होतं, त्याच चार ठशांवर. मावशींनी कागद दूर धरून वाचला.

"सहीखाली हुद्दा विचारलाय. काय लिहू?"

"आहे तो लिहा."

मावशींनी लिहिलं: शिवणकाम. आणि गळ्यात टेप टाकून त्या उठल्या.

या खेपेला नळी धरायला खांबाशी मिस्टर, वही घेऊन नकाशेबाई, आणि पट्टीशी मावशी. चेअरमननी स्वतःच लादी उचलून भिंतीला टेकवली. गेल्या महिन्यात ऑफिसातून बागेचं चित्र आलं होतं, झाडं आणि बाकासकट, त्यामुळे त्यांचं मत बदललं होतं.

"तसं आमचं दार पुष्कळच खाली आहे," ते म्हणाले. "नीट बघा. खड्डा इथेही शोभेल."

"बारा," मावशी म्हणाल्या.

"पट्टी थोडी मातीत दाबली तर?"

"श्वास सोडा, चेअरमनसाहेब," मावशी म्हणाल्या, आणि बारा लिहिलं गेलं.

हेडमास्तरांनी शब्दकोश छातीशी धरला होता, पुन्हा आपोआप खाली जाऊ नये म्हणून. दंतवैद्यांच्या बायकोने पायपुसणं धुवायलाच टाकलं होतं. सगळी दारं झाली. मावशींनी आपलंही पुन्हा मोजलं. सोळा. आता राहिलं एकच.

दारात सासूबाई उभ्या होत्या. नवी साडी, हाताची घडी. डबा कुठेही नव्हता. फरशी लख्ख पुसलेली. मावशी वाकल्या, गुडघे टेकले, पट्टी लावली, नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत थांबल्या.

"पावणेएकोणीस," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. पट्टीच्या बुडाशी बघत तशाच बसून राहिल्या.

नकाशेबाईंनी पेन्सिल टेकवली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

एका हाताने चौकट धरून, गुडघ्यांचे आवाज काढत त्या हळूहळू खाली बसल्या. पुसलेल्या फरशीवर पट्टीखाली फरशीच्याच रंगाचं काहीतरी होतं. पुठ्ठ्याचा तुकडा. नीट कापलेला, कडा घासलेल्या. त्यांनी तो नखाने उचकटला आणि मुठीत दाबून धरला.

"पाव इंचाने काय होतं, असं वाटलं," त्या मावशींना म्हणाल्या. "आता बघ."

मावशींनी चष्मा पदराला पुसला. पुन्हा पट्टी लावली. खांबाशी मिस्टर श्वास धरून उभे होते आणि गल्ली पाणी स्थिर व्हायची वाट बघत होती.

"एकोणीस," मावशी म्हणाल्या आणि सासूबाईंना उठायला हात दिला.

सासूबाईंनी हात धरला, पण आधी वहीकडे मान वळवली. "लिही, सूनबाई," त्या म्हणाल्या. "आणि नीट लिही. तुझ्या साहेबाला चष्म्याशिवाय दिसेल असं."